कोणतं नॉयहोफ? सासूबाईंच्या पणजोबांच्या शोधाच्या नोंदी

७ जानेवारी २०२४

काल सासूबाईंनी एक खोकं आणून माझ्यापुढे ठेवलं. त्यात शिवण उसवलेलं एक जाड जर्मन बायबल, पुठ्ठ्यावर चिकटवलेले दोन फोटो आणि गरुड कोरलेलं एक पितळी बटण होतं. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. जन्म विस्कॉन्सिनचा, सगळं आयुष्यही इथेच गेलं. "माझे पणजोबा नेमके कुठून आले, ते मला कळू दे," एवढंच म्हणाल्या.

घरात चालत आलेली गोष्ट अशी, की प्रशियाच्या राजाच्या सैन्यात भरती व्हायला नको म्हणून पणजोबा रातोरात पळाले. गाव कुणालाच माहीत नाही. "बर्लिनच्या बाजूला कुठेतरी."

वडिलांबरोबर मी एकदा त्र्यंबकेश्वरला गेले होते. तीर्थोपाध्यायांनी आडनाव आणि मूळ गाव विचारलं, आत गेले आणि लांबट वही घेऊन बाहेर आले. त्यात आमच्या पणजोबांची मोडीतली सही होती. त्यावर बोट ठेवून वडील बराच वेळ गप्प बसले होते. सासूबाईंनी खोकं उघडलं तेव्हा मला तेच आठवलं. मात्र तिथेही वही उघडायला आधी गाव सांगावं लागतं, आणि इथे गावच हरवलं आहे.

बायबलमधल्या कुटुंबाच्या पानावर लिहिलंय: लग्न १८५४, पहिली मुलगी १८५५, त्यानंतर सहा मुलं. शाई सगळीकडे सारखीच.

(आडनाव आणि मुलांची नावं या नोंदींत लिहिणार नाही. सासूबाईंची तशी इच्छा आहे.)

२१ जानेवारी

जनगणनेपासून सुरुवात केली. अमेरिकेत जनगणनेचे कागद ७२ वर्षांनी खुले होतात. १९५० चे २०२२ च्या एप्रिलमध्ये खुले झाले. त्यात सासूबाई स्वतःच सापडल्या, आईवडिलांच्या घरातली लहान मुलगी म्हणून. तिथून दहा-दहा वर्षं मागे सरकत गेले.

सगळ्यात जास्त माहिती १९०० च्या पानावर आहे. जन्माचा महिना आणि वर्ष, लग्नाला किती वर्षं झाली, बाईला किती मुलं झाली, त्यातली किती हयात, देशात कधी आले, नागरिक झाले का, हे सगळं त्या एका वर्षी विचारलं होतं. पणजोबांच्या ओळीत आगमन १८५७ आणि लग्नाला ४३ वर्षं. म्हणजे लग्नही १८५७ चं. बायबल १८५४ म्हणतं. दारात आलेल्या गणकाला घाईत कुणीतरी चुकीचं सांगितलं असणार, असं वहीत लिहून पुढे गेले.

नागरिकत्वाच्या रकान्यात 'पा' आहे, म्हणजे फक्त पहिला कागद झालेला. आधी 'मला नागरिक व्हायचं आहे' असं प्रतिज्ञापत्र द्यायचं आणि काही वर्षांनी अर्ज करायचा, असे दोन टप्पे होते. विस्कॉन्सिनच्या १८४८ च्या राज्यघटनेने पहिल्या कागदावरच मतदानाचा हक्क दिला होता. त्यामुळे कितीतरी जर्मन शेतकरी दुसऱ्या टप्प्याकडे फिरकलेच नाहीत.

१८६० आणि १८७० च्या पानांवर जन्मस्थानापुढे 'मेक्लेनबुर्ग' लिहिलं आहे. १९०० पर्यंत त्याचं नुसतं 'जर्मनी' झालं. जर्मनी एक झाली १८७१ मध्ये. त्याआधीच्या कागदांवर गणकाला राज्याचं नाव लिहावं लागे, म्हणून जुनी पानं जास्त बोलकी. मेक्लेनबुर्ग प्रशियात नव्हतं. श्वेरीन आणि स्ट्रेलिट्झ अशी तिथे दोन स्वतंत्र ग्रँड डची, म्हणजे ड्यूकच्या अमलाखालची राज्यं, होती. प्रशियाच्या राजाची गोष्ट इथेच संपते. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर थोड्या हिरमुसल्या.

१८९० ची जनगणना नाहीच. वॉशिंग्टनच्या वाणिज्य खात्याच्या इमारतीत १९२१ च्या जानेवारीत आग लागली. जळाली ती जळाली, बाकीची भिजली आणि पुढे तीही नष्ट केली गेली.

११ फेब्रुवारी

आडनाव पाच प्रकारांनी लिहिलेलं सापडलं. दोन टिंबांचा जर्मन स्वर इंग्रजी कानाला कळत नाही, आणि गणक जे ऐकेल ते लिहितो. इंडेक्सात शोधताना साउंडेक्सचा मोठा आधार झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत निघालेली ही पद्धत आडनावाचं पहिलं अक्षर ठेवते आणि पुढच्या व्यंजनांना आकडे देते. श्रोडर, श्रेडर, श्राडर यांची स्पेलिंगं कितीही वेगळी असली, तरी तिघांचा संकेत एकच, एस-६३६. 'एलिस बेटावर अधिकाऱ्यांनी नावं बदलली' ही गोष्ट इथल्या दर दुसऱ्या घरात ऐकू येते (न्यूयॉर्कच्या बंदरातलं हे बेट म्हणजे परदेशातून येणाऱ्यांची तपासणी करायचं ठाणं). ती खरी नाही. प्रवाशांच्या याद्या जहाज निघतानाच तयार होत आणि बेटावरचे कारकून त्या यादीवरून माणूस पडताळत. शिवाय एलिस बेट सुरू झालं १८९२ मध्ये. आमचे पणजोबा ३५ वर्षं आधीच येऊन शेती करत होते. आडनाव बदललं ते इथेच, हळूहळू. पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, जर्मन बोलणाऱ्याकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं आणि सावरक्राउटला, म्हणजे जर्मन पद्धतीच्या आंबवलेल्या कोबीला, 'लिबर्टी कॅबेज' म्हणू लागले, तेव्हा उरलीसुरली दोन टिंबंही गेली.

१४ एप्रिल

दोन महिने फुकट गेले. स्पष्ट लिहून ठेवते, कारण चूक माझी आहे.

प्रशियाच्या पोमेरेनिया प्रांतातून आलेला एक माणूस मिळाला होता. तेच पहिलं नाव, तेच आडनाव, वयात एका वर्षाचा फरक, शेतीही पणजोबांच्याच डॉज काउंटीत, म्हणजे विस्कॉन्सिनमधल्या त्याच जिल्ह्यात. त्याच्या आजोबांपर्यंत पोचले, तक्ता काढला, सासूबाईंना दाखवलासुद्धा. आज १८७० च्या जनगणनेत हे दोघे दोन वेगवेगळ्या पानांवर, दोन वेगळ्या बायकांसह, एकाच दिवशी मोजलेले दिसले. मेक्लेनबुर्ग त्या एका शब्दाकडे मी काणाडोळा केला होता. तक्ता फाडला. जर्मन मुलांना बाप्तिस्म्याच्या वेळी तीन-तीन नावं देत, आणि हाक मारायचं नाव बहुतेक वेळा मधलं नाहीतर शेवटचं असे. योहान हे पहिलं नाव तर घरोघरी. नुसत्या नावावर इथून पुढे काहीही जोडणार नाही. बायको, शेजारी, चर्च यांपैकी दोन तरी धागे जुळले तरच.

२८ एप्रिल

मॅडिसनला विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीत दिवसभर मायक्रोफिल्म पाहिल्या. वर्तमानपत्रांचा त्यांचा संग्रह फार मोठा आहे, त्यात मिल्वॉकीची जर्मन पत्रंही आली. पणजोबा १९०४ मध्ये वारले. इंग्रजी पत्रात दोन ओळी: जुने रहिवासी, मागे पत्नी. जर्मन पत्रात पंधरा ओळी! आपला वाचक कोणत्या गावचा, हे जर्मन संपादकाला महत्त्वाचं वाटे, कारण वाचणारेही तिथलेच. फ्राक्टूर या जुन्या जर्मन छपाईत 'स' आणि 'फ' सारखेच दिसतात, तरी हा शब्द सुटला: नॉयहोफ, मेक्लेनबुर्ग-श्वेरीन.

गाव मिळालं. गाडीतूनच सासूबाईंना फोन केला.

५ मे

आनंद आठवडाभरच टिकला. नॉयहोफ म्हणजे नवी वाडी. आपल्याकडे नवेगाव किती आणि नवी वाडी किती, कुणी मोजावं? तशीच इथली गत. १९१२ चा मायर्स गॅझेटियर आहे, जर्मन साम्राज्यातली लहानसहान वस्तीही त्यात नोंदलेली. तो आता इंटरनेटवर शोधता येतो. त्यात नॉयहोफ टाकलं की पानामागून पान येतं, आणि एकट्या मेक्लेनबुर्गमध्येच कितीतरी. प्रत्येकाचं चर्च वेगळं. जर्मनीभर जन्म-मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली १८७६ पासून, म्हणजे आमच्या कामासाठी चर्चच्या वह्यांशिवाय दुसरं काही नाही. आणि वही उघडायची तर पॅरिश, म्हणजे गाव कोणत्या चर्चच्या हद्दीत येतं ते, कळायला हवी.

१९ मे

आज हॅम्बर्गची यादी मिळाली.

जर्मन लोक मुख्यतः ब्रेमेन आणि हॅम्बर्ग या दोन बंदरांतून निघत. ब्रेमेनच्या जुन्या याद्या नष्ट झाल्या. जागा नाही म्हणून तिथल्या कचेरीनेच कितीतरी वर्षांच्या याद्या टाकून दिल्या, उरलेल्या दुसऱ्या महायुद्धात गेल्या. हॅम्बर्गच्या मात्र १८५० ते १९३४ पर्यंतच्या शाबूत आहेत. आणि न्यूयॉर्कच्या यादीत नुसता देश लिहिलेला असतो, तर हॅम्बर्गच्या यादीत राहण्याचं ठिकाण असतं. पणजोबा ब्रेमेनहून निघाले असते तर हा शोध इथेच थांबला असता.

१८५७ ची यादी. नाव, वय, धंदा रोजंदार मजूर, ठिकाण नॉयहोफ. कोणतं नॉयहोफ, ते इथेही नाही. पण त्याच पानावर शेजारच्या गावांतली तीन कुटुंबं आहेत आणि त्यांच्या गावांची नावं स्पष्ट आहेत. डॉज काउंटीचं १८६० चं पान पुन्हा उघडलं. त्यातली दोन कुटुंबं पणजोबांच्या शेताला लागूनच! माणसं एकेकटी आली नव्हती, वाडीच्या वाडी उठून आली होती. त्या दोन्ही गावांची पॅरिश एकच, आणि त्याच पॅरिशमध्ये एक नॉयहोफ आहे.

पॅरिशचं नाव लिहीत नाही. त्या आडनावाची घरं तिथे अजून आहेत.

एक गोष्ट मात्र मनात अडकून राहिली. पणजीबाई त्याच पानावर आहेत, पण वेगळ्या ओळीत, माहेरच्या आडनावाने. खाली दोन वर्षांची मुलगी, तीही त्याच आडनावाची.

२ जून

न्यूयॉर्कची यादी मिळाली. शिडाच्या जहाजाचा हा प्रवास दीड-दोन महिन्यांचा. कॅसल गार्डनचं उतरण्याचं ठाणं १८५५ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेलं, म्हणजे हे लोक तिथेच उतरले. जहाज तेच, माणसंही तीच. पण कप्तानाने दिलेल्या या यादीत तिघांचं आडनाव एक आहे: नवरा, बायको, मुलगी. दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून कितीतरी वेळ पाहत बसले.

१४ जुलै

पॅरिशच्या वह्यांचे स्कॅन पाहायला मिळतात, पण वाचता कुठे येतात? ही कुरेंट, म्हणजे हाताने लिहायची जुनी जर्मन लिपी. छापील जर्मन येणाऱ्यालाही ती उमगत नाही. 'ई' हा 'एन'सारखा दिसतो. 'यू' ओळखायचा तो डोक्यावरच्या छोट्या वळणावरून, नाहीतर तोही 'एन'च. 'एच'ला वर-खाली दोन्हीकडे गाठी. पाद्री घाईत असला की सगळा शब्द म्हणजे सुईचे टाके.

पुण्यात असताना मोडीचा वर्ग केला होता, त्याचा इथे फार उपयोग होतोय. दोन्ही लिपींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण वाचायची रीत तीच. अक्षर सुटं वाचायला गेलं की हाती काही लागत नाही. आधी लिहिणाऱ्याचा हात ओळखायचा. आमच्या सरांनी सांगितलेलं तसंच केलं: ज्या मजकुरात काय असणार ते आधीच ठाऊक आहे, तो आधी वाचायचा. महिन्यांची नावं, 'बाप्तिस्मा', 'साक्षीदार', 'रोजंदार', गावाचं नाव. त्यावरून या पाद्रीबोवांच्या अक्षरांचा तक्ता भिंतीवर लावला. रोज अर्धा तास, दोन पानं.

१८ ऑगस्ट

मुलीच्या बाप्तिस्म्याची नोंद मिळाली. १८५५. आईचं नाव आहे आणि पुढे एक शब्द, जो आता मी न अडखळता वाचू शकते: 'उनएहेलिश'. विवाहबाह्य. त्याखाली, बाप म्हणून सांगितलेला माणूस, रोजंदार. नाव पणजोबांचं.

मग त्याच वहीची मागची-पुढची पाच वर्षं चाळली. हा शब्द दर थोड्या ओळींनी येतो. एखाद्या गावात एवढी 'चुकणारी' माणसं कशी, हा प्रश्न घेऊन मेक्लेनबुर्गच्या इतिहासाकडे वळले.

उत्तर कायद्यात आहे. तिथली भूदासपद्धत १८२० मध्ये कागदावर संपली. पण मजूर मोकळा झाला तसा जमीनदारही त्याला सांभाळण्याच्या जबाबदारीतून मोकळा झाला. लग्न करायचं तर आधी 'नीडरलासुंग' हवं, म्हणजे त्या गावात वस्ती करायचा हक्क, म्हणजे जमीनदाराने झोपडी द्यायला हवी. लग्न झालं की मुलं, आणि म्हातारपणी त्या सगळ्यांच्या पोटाचा भार गावावर, म्हणून जमीनदार हक्क नाकारत. झोपड्या पाडल्याही जात. ज्याला हक्क मिळाला नाही त्याचं लग्न पाद्री लावू शकत नसे, मग ती दोघं एकमेकांची कितीही असोत. उत्तर जर्मन संघराज्याने १८६७ मध्ये राहण्या-फिरण्याचं स्वातंत्र्य दिलं आणि १८६८ मध्ये लग्नावरची ही बंधनं काढली. आमचे पणजोबा त्याच्या ११ वर्षं आधी निघाले होते. सैन्याला भिऊन नव्हे. त्यांना लग्न करायचं होतं.

सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. कसं सांगावं ते कळत नाही.

२२ सप्टेंबर

डॉज काउंटीतल्या ल्युथेरन चर्चची जुनी वही पाहिली. लग्न १८५७, न्यूयॉर्कला उतरल्यापासून सव्वीस दिवसांनी. साक्षीदार त्याच हॅम्बर्गच्या पानावरचे दोघे. १९०० चा गणक बरोबर होता. 'घाईत चुकीचं सांगितलं असणार' ही माझी ओळ आज खोडली.

२० ऑक्टोबर

पितळी बटणाचा उलगडा झाला, आणि त्याबरोबर बाकीचाही.

१८९० ची जनगणना जळाली, तरी त्या वर्षी अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेल्या सैनिकांची आणि विधवांची वेगळी यादी केली होती. तिचा काही राज्यांचा भाग वाचला, त्यात विस्कॉन्सिन आहे. पणजोबा तिच्यात सापडले: विस्कॉन्सिनची २६ वी पायदळ पलटण. १८६२ च्या सप्टेंबरमध्ये मिल्वॉकीत उभी राहिलेली, जवळजवळ सगळी जर्मन. १८६३ च्या मे महिन्यात चॅन्सलर्सव्हिलच्या लढाईत दक्षिणेचा सेनापती जॅक्सन याचा हल्ला अचानक बाजूने येऊन कोसळला तो सैन्याच्या ज्या कोअरवर, म्हणजे मोठ्या तुकडीवर, तिच्यात ही पलटण होती. त्या पराभवाचं खापर वर्तमानपत्रांनी 'पळपुट्या डचां'वर फोडलं (जर्मनांना तेव्हा 'डच' म्हणत). दोन महिन्यांनी गेटिसबर्गच्या लढाईत पहिल्याच दिवशी हीच माणसं पुन्हा उभी राहिली आणि मोठ्या संख्येने पडली. राजाच्या सैन्यातून पळून आलेला म्हणून ज्याची गोष्ट घरात सांगितली, तो माणूस इथे येऊन पाच वर्षांत स्वतःहून पलटणीत गेला होता.

सैनिक म्हटला की पेन्शन, आणि पेन्शन म्हटली की वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये फाइल. ती मागवली होती, आज आली. ७४ पानं. जखमेचे दाखले, संधिवाताचे दाखले, आणि मधोमध १८९८ चा छापील फॉर्म. पेन्शन खात्याने तो त्या वर्षी पेन्शनरांना पाठवला होता: लग्न झालं का, कधी, कुठे, कुणी लावलं, हयात मुलांची नावं आणि जन्मतारखा.

पणजोबांनी तो स्वतः भरला आहे, कुरेंट वळणाच्या इंग्रजीत. लग्न १८५७, विस्कॉन्सिन. पहिली मुलगी १८५५, मेक्लेनबुर्ग. दोन्ही खरं, एकाखाली एक, काहीही न लपवता.

पुढे १९०४ ची पानं. विधवेला पेन्शन हवी तर लग्नाचा पुरावा लागे. शेजाऱ्याने शपथेवर सांगितलं आहे: दोघांनाही मी जुन्या देशापासून ओळखतो, वाडीच्या मालकाने यांना घर नाकारलं, म्हणून आम्ही सगळे एकत्र निघालो.

शेवटची ओळ वाचून उठले आणि अंगणात जाऊन उभी राहिले.

२७ ऑक्टोबर

मग बायबलमध्ये १८५४ कुणी लिहिलं? इतके महिने ते पणजोबांनीच लिहिलं असं धरून चालले होते. मनातल्या मनात त्यांना खोटं बोलणारा ठरवून बसले होते. आज पहिल्यांदा बायबलचं मुखपृष्ठानंतरचं पान नीट पाहिलं. छपाई १८७६ ची. म्हणजे त्याआधीची सगळी नोंद मागाहून, एका बैठकीत, एका शाईने केलेली. फॉर्मवरचं अक्षर शेजारी ठेवलं. हात वेगळाच आहे. गोल, शाळेत शिकलेला, इथल्या वळणाचा. मुलांपैकीच कुणीतरी. सर्वांत मोठ्या मुलीचा असेल का? तिची दुसरी सही कुठे मिळाली तर ताडून पाहीन.

जानेवारीतच हे पान पाहायला हवं होतं.

३ नोव्हेंबर

सासूबाईंना सगळं सांगितलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओळीने कागद मांडले: हॅम्बर्ग, न्यूयॉर्क, चर्च, १८९८. त्यांनी चष्मा लावून एकेक पान पाहिलं. 'उनएहेलिश'वर बोट ठेवून विचारलं, हा शब्द काय? सांगितला. त्यांना वाईट वाटेल असं मला वाटत होतं. त्या शेजाऱ्याचा जबाब मात्र त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतला.

मग म्हणाल्या, "माझी आई तिच्या या थोरल्या आत्याबद्दल कधी बोलायची नाही. विचारलं की उठून जायची." सासूबाईंची आई म्हणजे पणजोबांची नात, त्यांच्या धाकट्या मुलाची लेक. थोरल्या आत्याचे वंशज आता आयोवात कुठेतरी आहेत.

२४ नोव्हेंबर

आयोवातल्या त्या शाखेचे एक गृहस्थ सापडले, ७० च्या पुढचे. त्यांनी आणि सासूबाईंनी डीएनए चाचणी केली आहे. दोघांत सामाईक अंश आहे, नात्याला शोभेल एवढा. पण थोरली मुलगी पणजोबांचीच होती हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. सख्ख्या आणि सावत्र शाखांचे आकडे इतक्या लांबच्या नात्यात एकमेकांत मिसळतात, आणि एका जोडीवरून निवाडा करणं मला पटत नाही. माझा भरवसा बाप्तिस्म्याच्या नोंदीवर आणि पणजोबांनी स्वतःच्या हाताने भरलेल्या फॉर्मवर.

८ डिसेंबर

मेक्लेनबुर्ग-श्वेरीनच्या १८१९ च्या जनगणनेत आता पणजोबांच्या वडिलांना शोधते आहे. माणशी जन्मतारीख आणि जन्मगाव देणारी ती मोजणी आहे, त्या काळाच्या मानाने फार बारकाईची. नॉयहोफच्या पानावर त्या आडनावाचा एक गडी दिसतो, वय जुळतं. चर्चच्या वहीशी ताडल्याशिवाय तक्त्यात घालणार नाही.

सासूबाईंनी बायबलमधलं १८५४ खोडू दिलं नाही. "ज्याने लिहिलं त्यालाही काहीतरी वाटलं असेल," म्हणाल्या. १८९८ च्या फॉर्मची प्रत मात्र त्याच पानात ठेवायला सांगितली. चांगल्या कागदावर छापून आणली, पितळी बटणासकट ठेवली. २२ तारखेला आयोवाहून ते गृहस्थ पत्नीला घेऊन जेवायला येताहेत. ते त्यांच्या पणजीचा, थोरल्या मुलीचा, फोटो आणणार आहेत. मागे तिच्या हाताने काहीतरी लिहिलं आहे म्हणे.